एक गळ, एक मासा

यावलहून समुद्र दिसत नाही. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस तापीचे पात्र आणि मध्ये केळीच्या बागा. अशा गावी समुद्रावरच्या तांडेलांची आणि त्यांच्या बोटींची हकीकत सांगावयास निघणे काहीसे धाडसाचेच. तापीचे पाणी शेवटी सुरतेपलीकडे समुद्रालाच मिळते, एवढाच काय तो आपला सागराशी सोयरसंबंध, असेही कोणी म्हणेल. परंतु आमच्या विषयाचा गाभा केवळ मासा हा नाही. जी वस्तू कोणा एकाच्या मालकीची नाही, जिच्यावर सर्वांचाच हात पडू शकतो, ती संपू न देता पिढ्यान्‌पिढ्या कशी वापरावी, हा आमचा खरा प्रश्न आहे. ज्या तालुक्यात विहिरींनी तळ गाठला आणि त्यांच्या शेजारी बोअर खोल खोल गेले, त्या तालुक्याला हा प्रश्न परका नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर अरबी समुद्रातील एका लहानशा बेटावरच्या कोळ्यांनी शतकानुशतके आपल्या हातांनी लिहून ठेवले आहे. ते बेट मिनिकॉय, तो मासा कुपा, आणि ते साधन म्हणजे बांबूच्या काठीला बांधलेला एकच एक गळ.

मासा कोणता?

इंग्रजीत ज्याला टूना म्हणतात त्याला आपल्या कोकण किनाऱ्यावर कुपा म्हणतात. त्याच्याच लहान भाऊबंदाला गेदर असे नाव आहे. या कुळात अनेक जाती आहेत. त्यांपैकी आमच्या कथेचा नायक म्हणजे पोटावर गडद आडवे पट्टे असलेला स्किपजॅक. आपण त्याला पट्टेरी कुपा म्हणू. चरख्याच्या चातीसारखे दोन्हीकडे निमुळते अंग, आणि पाणी कापीत जावयास योग्य अशी चंद्रकोरीसारखी शेपटी. बहुधा दोनचार किलो वजनाचा हा मासा जन्मभर थांबत नाही. त्याला थांबताच येत नाही. इतर मासे कल्ल्यांची उघडझाप करून पाणी आत घेतात. कुपा तोंड किंचित उघडे ठेवून पोहतो आणि त्या वेगानेच पाणी त्याच्या कल्ल्यांतून वाहते. पोहणे थांबले की श्वास थांबला! शिवाय त्याच्या अंगातील रक्ताची रचना अशी आहे की स्नायूंची ऊब बाहेर निसटून जात नाही, आणि आजूबाजूच्या पाण्याहून त्याचे शरीर उष्ण राहते. म्हणूनच त्याची भूक दांडगी, आणि म्हणूनच तो गळाला इतक्या आवेशाने झडप घालतो.

या माशाचा आणखी एक गुण आमच्या विषयाला महत्त्वाचा आहे. पट्टेरी कुपा वयाच्या दीड-दोन वर्षांच्या आतच अंडी घालू लागतो, आणि उष्ण समुद्रात जवळजवळ वर्षभर त्याची वीण चालू असते. याचा मोठा चुलता जो पिवळ्या परांचा कुपा, त्याला वयात यावयास यापेक्षा जास्त काळ लागतो आणि त्या वेळी तो लांबीला सुमारे एक मीटर झालेला असतो. शेतकऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर पट्टेरी कुपा हे लवकर हाती येणारे पीक, आणि पिवळ्या परांचा कुपा हे उशिरा येणारे. दोघांची पिले मात्र पुष्कळदा एकाच थव्यात पोहत असतात. पुढे जो तंटा सांगावयाचा आहे, त्याचे मूळ येथे आहे.

जाळे आणि गळ

कुपा पकडण्याच्या जगात अनेक रीती आहेत. आजच्या मोठ्या व्यापाराची रीत म्हणजे पर्ससीन जाळे. थैलीचे तोंड जसे नाडी ओढून आवळावे, तसे या जाळ्याचे तळ आवळता येते. दीड-दोन किलोमीटर लांबीचे आणि दोनशे मीटर खोल जाणारे जाळे माशांच्या थव्याभोवती फिरवावयाचे, तळाची दोरी यंत्राने ओढावयाची, की सगळा थवा आत. एका ओढीत शंभर टनांहून अधिक मासा यावा, ही गोष्ट त्यात अपूर्वाईची नाही. पश्चिम हिंदी महासागरात युरोपातील अशी मोठी जहाजे १९८० नंतरच्या काही वर्षांत उतरली आणि तेथून या समुद्राचे चित्र पालटले.

या जहाजांनी माशाच्या एका खोडीचा फायदा घेतला. उघड्या समुद्रात लाकडाचा ओंडका जरी तरंगत असला तरी त्याच्या सावलीखाली मासे गोळा होतात. का होतात याबद्दल तज्ज्ञांची अनेक मते आहेत. परंतु होतात हे प्रत्येक तांडेल जाणतो. तेव्हा बांबूचे किंवा लोखंडाचे तराफे करून, त्यांना उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बांधून ते हजारोंनी समुद्रात सोडून देण्यात येऊ लागले. तराफ्याखाली किती मासा जमला हे जहाजावर बसल्या बसल्या कळते. मग जहाजाने जावे आणि जाळे फिरवावे. परंतु तराफ्याखाली नुसता पट्टेरी कुपा नसतो. पिवळ्या परांच्या कुप्याची कोवळी पिले असतात, शार्क असतात, कधी कासवही असते. जाळे निवड करीत नाही. केळीचा घड कापावयास गेलेल्या माणसाने बागेतील सगळी पिलेही मुळासकट उपटून आणावीत, तसला हा प्रकार होतो. पुढल्या हंगामाला बाग कोठून यावी?

या रीतीच्या अगदी समोर उभी आहे ती काठी-गळाची रीत. एक माणूस, एक काठी, एक दोरी, एक गळ आणि एका वेळी एक मासा. ऐकावयास ही पोरखेळासारखी वाटते. तापीकाठी आपले भोई बांधव किंवा सुटीत मुले गळ टाकून बसतात, तेच हे, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात त्यामागे केवढी बुद्धी, केवढी शिस्त आणि केवढा सामुदायिक व्यवहार आहे, हे मिनिकॉयला गेल्यावाचून कळत नाही. आपण मनाने तेथे जाऊ.

बेट आणि बोट

लक्षद्वीप हा भारताचा सर्वांत लहान केंद्रशासित प्रदेश. १९५६ साली तो निराळा करण्यात आला आणि १९७३ साली त्यास लक्षद्वीप हे नाव मिळाले. छत्तीस बेटे मिळून जमीन अवघी बत्तीस चौरस किलोमीटर. आपल्याकडील पाचसहा खेड्यांची शिवारे एकत्र केली तर तेवढी भरावी. या बेटांच्या दक्षिण टोकाला, कोचीपासून सुमारे चारशे किलोमीटरवर मिनिकॉय आहे. त्याच्या खाली आठ अंशांची सामुद्रधुनी, आणि ती ओलांडली की मालदीव. इतर बेटांवर मल्याळमची बोली चालते. मिनिकॉयची भाषा मात्र मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण. ही भाषा संस्कृतकुळातील आहे. तेथे माशाला ‘मास’ म्हणतात. आपला ‘मासा’ आणि त्यांचा ‘मास’ हे दोन्ही ‘मत्स्य’ या एकाच आजोबांचे नातू. हजार मैलांवरच्या बेटावर आपल्याच घरचा शब्द भेटावा, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

बेटाच्या पश्चिमेस प्रवाळाच्या भिंतीने अडवलेले उथळ, निवळशंख पाणी आहे. इंग्रजीत त्यास लगून म्हणतात. आपण त्याला समुद्रातले तळे म्हणू. बाहेर अथांग समुद्र, आत हे शांत तळे. सारी कुप्याची मासेमारी या तळ्यावर अवलंबून आहे, कारण आमिष येथे मिळते.

जुन्या काळी येथील मासेमारीची बोट शिडाची आणि वल्ह्यांची असे. तिचे नाव ‘मासओडी’. आपल्या होडीशी नाद जुळणारे. अंग लाकडी, घडण अशी की वाऱ्यावर चपळ. तिच्या मागच्या बाजूस रुंद फळ्यांचा ओटा, जेथे गळवाले उभे राहतात. आणि बोटीच्या पोटात पाण्याची एक कोठी. या कोठीतच सगळी करामत आहे. तिच्या तळाशी भोके ठेवलेली असत; बुच काढले की समुद्राचे ताजे पाणी आत येई, आणि माणसे बसून जास्तीचे पाणी सतत बाहेर उपसत. बोटीला मुद्दाम भोके पाडून समुद्र आत घेणारा तांडेल जगात विरळाच! पण त्यावाचून आमिषाच्या मासोळ्या जिवंत राहत नाहीत, आणि मेलेल्या मासोळीकडे कुपा ढुंकूनही पाहत नाही.

१९६० नंतरच्या दशकात सरकारच्या मत्स्यखात्याने इंजिनाच्या बोटी आणल्या. शिडे गेली, वल्ही गेली. पण मागचा ओटा आणि पोटातली जिवंत पाण्याची कोठी कायम राहिली. त्याच सुमारास मिनिकॉयची ही विद्या आगत्तीसारख्या इतर बेटांवरही पोचली, आणि पुढे आगत्तीनेच त्यात आघाडी घेतली. यंत्र आले म्हणजे जुनी रीत मोडलीच पाहिजे असे नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे. यंत्राने हातांची जागा घेतली नाही. ते हातांना दूरवर घेऊन गेले, एवढेच.

तांडेलाचा दिवस

बोटीच्या म्होरक्याला मालदीवमध्ये ‘केयोळू’ म्हणतात. आम्ही आपल्या कोळीवाड्यातला ‘तांडेल’ हाच शब्द वापरतो. कारण अधिकार तोच आणि जबाबदारीही तीच. त्याच्या हाताखाली दहाबारा खलाशी. पगार कोणालाच नाही. जो मासा येईल त्याचे वाटे पडतात: बोटीचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशांचे वाटे. मासा आला तर सगळ्यांना, न आला तर कोणालाच नाही.

पहाटे किंवा आदल्या दिवशी पहिले काम आमिषाचे. तळ्याच्या उथळ पाण्यात बोटभर लांबीच्या, रुपेरी पट्ट्याच्या मासोळ्यांचे थवे असतात. मिनिकॉयची मंडळी त्यांतल्या एकीला होंदेली म्हणतात. बारीक विणीचे चौकोनी जाळे काठ्यांनी पाण्याखाली धरावयाचे, मासोळ्या त्यावर आल्या की हळूच उचलावयाचे. हात जरा जोरात लागला तर मासोळीचे खवले जातात आणि ती कोठीत तासाभरात मरते. म्हणून हे काम दांडग्या माणसाचे नव्हे, हळव्या हाताचे आहे.

आमिष भरून बोट प्रवाळाच्या भिंतीतील वाटेने बाहेर पडते. आता तांडेलाचे डोळे पाण्याकडे कमी आणि आभाळाकडे अधिक असतात. हतनूरच्या जलाशयावर आपण जे नदी सुरय पाहतो, त्यांचे समुद्री भाऊबंद तेथे थव्याने उडतात. कुपा खालून लहान माशांना वर हाकतो आणि पक्षी वरून झडप घालतात. तेव्हा जेथे पक्षी गोल फिरत आहेत तेथे खाली कुपा आहे. पक्षी उंच आहेत की पाण्याला टेकून आहेत, एका दिशेने सरकत आहेत की जागीच घिरट्या घालीत आहेत, यावरून थवा किती मोठा, कोणीकडे निघाला, हे जाणता तांडेल ताडतो. हे ज्ञान कोणत्या शाळेत मिळत नाही. बापाच्या शेजारी उभे राहून ते डोळ्यांत मुरावे लागते.

थव्याजवळ बोट पोचली की एक माणूस कोठीतील जिवंत मासोळ्या ओंजळीने पाण्यात फेकू लागतो. हा माणूस बोटीवरचा खजिनदारच म्हणावा. फार फेकल्या तर आमिष संपते, कमी फेकल्या तर थवा निघून जातो. त्याच वेळी बोटीच्या मागून पाण्याचा फवारा सुरू होतो. पूर्वी लाकडी पळ्यांनी पाणी उडवीत, आता पंपाने उडवितात. फवाऱ्याचे थेंब पाण्यावर पडले की लहान मासोळ्या उसळत असल्याचा भास होतो, आणि त्या पडद्याआड बोट आणि माणसे माशाला नीट दिसत नाहीत. कुपा पिसाळल्यासारखा तुटून पडतो.

आता ओट्यावरचे गळवाले. काठी बांबूची, साधारण दोन पुरुष उंच. दोरी तिच्याहून किंचित आखूड. गळ लखलखीत घासलेला, आणि त्याला आमिष लावलेले नसते! चमक पाहूनच कुपा त्यावर तुटतो. आणखी एक विशेष असा की आपल्या नेहमीच्या गळाला जो उलटा काटा असतो तो यास नसतो. मासा लागला की काठीच्या एका हिसक्याने तो डोक्यावरून मागे उडतो. हवेतच दोरी सैल पडते, काटा नसल्यामुळे गळ आपोआप सुटतो, मासा बोटीत आदळतो आणि गळ पुन्हा पाण्यात पडतो. माशाला हात लावावा लागत नाही. पाचसहा माणसे ओळीने उभी राहून हे एका लयीत करू लागली की मळणीच्या खळ्याची आठवण व्हावी. थवा टिकला तर घटकाभरात बोट भरते. बिथरला तर क्षणात सारे शांत होते. मग तांडेल पुन्हा आभाळाकडे पाहू लागतो.

ही रीत टिकाऊ का?

या साऱ्यात समुद्राची राखण कोठे आली, असा प्रश्न योग्य आहे. उत्तर रीतीच्या घडणीतच आहे.

पहिली गोष्ट, जे हवे तेच येते. पृष्ठभागावर झडप घालणारा कुपाच या गळाला लागतो. शार्क, कासव, डॉल्फिन यांचा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. दुसरी गोष्ट, पकडीला आपोआप मर्यादा पडते. माणसाचे हात थकतात, आमिष संपते, बोट लहान असते. अमर्याद धरावयाचे म्हटले तरी धरता येत नाही. तिसरी गोष्ट, पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला की लहान बोटी ओढून किनाऱ्यावर ठेवाव्या लागतात, आणि समुद्राला उसंत मिळते. आपल्या कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न उतरण्याचा जो रिवाज होता, आणि आता १ जून ते ३१ जुलै अशी जी सरकारी बंदी आहे, तिचाच हा सख्खा भाऊ. चौथी गोष्ट, एवढा मासा धरावयास पुष्कळ माणसे लागतात. हिशेबी व्यापारी याला दोष म्हणेल. आम्ही म्हणतो की हाच मोठा गुण आहे. कारण समुद्राचे उत्पन्न एका जहाजमालकाच्या तिजोरीत न जाता अनेक चुलींवर वाटले जाते.

आलेला मासा टिकविण्याची विद्याही जुनीच आहे. कुप्याचे लांब तुकडे करून ते खाऱ्या पाण्यात उकडावयाचे, धुरावर धरावयाचे आणि उन्हात लाकडासारखे टणक होईतो वाळवावयाचे. यास ‘मासमीन’ म्हणतात. १३४३-४४ च्या सुमारास मालदीवात काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने असा धुरावलेला मासा तेथून भारत, चीन आणि येमेन या देशांत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. मिनिकॉयला मासमीन करण्याच्या कामात स्त्रियांचा मोठा वाटा राहिला. तेथील समाज मातृवंशाचा आहे, आणि पुरुष जगभरच्या व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून वर्षानुवर्षे बाहेर असल्यामुळे घर आणि गाव स्त्रियांच्याच हाती राहत आले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ डॉ. एस. जोन्स यांनी १९५८ साली मिनिकॉयच्या जिवंत आमिषाच्या मासेमारीवर शास्त्रीय लेख लिहून या विद्येकडे देशाचे लक्ष वेधले. १९६९ साली तेथे डबाबंद कुप्याचा कारखानाही निघाला.

चिंता कशाची?

येथवर ऐकून कोणास वाटेल की सारे आलबेल आहे. तसे नाही. या रीतीचे मर्म जे आमिष, तेच आज दुखणाईत आहे. मासोळ्या प्रवाळाच्या आश्रयाने वाढतात. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापले की प्रवाळ पांढरे पडतात आणि ताप टिकला तर मरतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ या साली असे मोठे आघात झाले. घर मोडले की बिऱ्हाडकरू कोठे राहणार? आमिष कमी झाले की तांडेलाला ते दूरच्या तळ्यांतून आणावे लागते, डिझेल अधिक जळते, आणि समुद्रात कुपा भरपूर असूनही बोट रिकामी परतते. शिवाय बोटी वाढल्या की त्याच आमिषावर अधिक हात पडतात. मोठा मासा राखणाऱ्यांनी लहान मासोळीकडे दुर्लक्ष केले तर ही रीत आतूनच पोखरली जाईल. म्हणून कोणत्या भागातून, किती आणि कोणत्या विणीच्या जाळ्याने आमिष घ्यावे याचे नियम गावांनी स्वतः पाळणे, हा आज तेथील खरा प्रश्न आहे. मिनिकॉयमध्ये प्रत्येक गावाचा मूपन म्हणजे मुखिया असतो आणि सामायिक कामे गाव मिळून करण्याची चाल आहे. गाव करी ते राव न करी, ही आपली म्हण तेथे अजून जिवंत आहे.

दुसरी चिंता बाहेरची. कुपा कोणाच्या हद्दी मानीत नाही. आज मिनिकॉयजवळ असलेला थवा काही आठवड्यांनी आफ्रिकेच्या अंगाला असेल. म्हणून हिंदी महासागरातील देशांनी एक आयोग नेमला आहे. त्याची कचेरी सेशेल्समध्ये आहे. या आयोगाने २०१८ ते २०२० या तीन वर्षांसाठी पट्टेरी कुप्याची वार्षिक मर्यादा सुमारे ४ लाख ७० हजार टन ठरविली. प्रत्यक्षात २०१८ सालीच पकड सहा लाख टनांवर गेली. पंगतीत अमुक इतके लाडू असे ठरवावे, आणि मोठ्या ताटाच्या मंडळींनी परातच उचलून न्यावी, तसे हे झाले. पिवळ्या परांचा कुपा तर २०१५ च्या पाहणीत अतिपकडीने खालावलेला ठरला होता. २०२४ च्या नव्या पाहणीने तो सावरल्याचे अनुमान काढले. अनुमान सुखाचे असले तरी त्यामुळे हात पुन्हा सैल सोडावेत असा त्याचा अर्थ नाही.

तिसरी चिंता भावाची. एकेक करून सन्मानाने धरलेला मासा आणि जाळ्याने ओरबाडलेला मासा यांस बाजारात एकच भाव मिळाला, तर तांडेलाच्या मुलाने काठी का धरावी? शेजारच्या मालदीवने यावर एक उपाय केला. तेथे जाळ्याने कुपा धरण्यास मनाई आहे, आणि तेथील काठी-गळाच्या पट्टेरी कुप्याला २०१२ साली समुद्र राखणाऱ्या मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. युरोपच्या दुकानातील गिऱ्हाईक डब्यावरची खूण पाहून तो घेते. आपल्या देशात अशी खूण पहिल्याने मिळाली ती २०१४ साली, केरळातील अष्टमुडी खाडीच्या शिंपल्यांना. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा हेतू आपणांस ठाऊक आहे: माल कोठला, कोणी पिकविला, हे गिऱ्हाईकाला कळावे. मात्र खूण मिळणे वेगळे आणि तिचे पैसे पिकविणाऱ्याच्या हाती पडणे वेगळे, हेही यावल-रावेरच्या केळीवाल्यास निराळे सांगावयास नको. मासमीन तुतिकोरिनच्या वाटेने श्रीलंकेत जातो. मधल्या हातांची संख्या जितकी अधिक, तितका तांडेलाचा वाटा उणा.

आपला किनारा, आपले गाव

हा तंटा दूरच्या बेटाचा म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या कोकणातही पर्ससीन बोटी वाढल्या तेव्हा पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. अखेर महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा आखून दिला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणावयाचे ठरविले. प्रखर दिवे लावून रात्री मासे ओढण्यास केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. २०२३ साली पापलेटाला राज्यमाशाचा मान देण्यात आला. कारण सातपाटीसारख्या बंदरांत त्याची पकड घटत चालल्याची आणि कोवळी पिले जाळ्यात येत असल्याची चिंता होती. नियम झाले. परंतु नियम पाळणे पोलिसांच्या गलबतावर सोपवून भागत नाही. मिनिकॉयच्या तांडेलाला मर्यादा पाळावयास कोणी शिपाई सांगत नाही. त्याचे साधनच त्याला मर्यादा घालते. साधन निवडतानाच संयम निवडला गेला, यात या रीतीचे शहाणपण आहे.

आता शेवटी घराकडे वळू. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, त्यातून पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या बागांच्या विहिरींना मिळते. हे पाणीही कुप्यासारखेच आहे. ते बांध मानीत नाही. आज माझ्या विहिरीत, उद्या शेजाऱ्याच्या. मोट होती तोवर बैलांचे पाय थकत, आणि त्या थकव्यानेच विहिरीला उसंत मिळे. मग इंजिन आले, वीज आली, खोल बोअर आले. आणि अतिउपसा झालेल्या तालुक्यांत यावल-रावेरची गणना झाली. यात कोणी एक दोषी नाही. प्रत्येकाने आपल्या बागेपुरतेच घेतले. परंतु बेरीज कोणी केली नाही. मोटेकडे परत जा असे सांगणे हा वेडेपणा होईल. मिनिकॉयवाल्यांनीही शिडाकडे परत जावयाचे मनात आणले नाही. त्यांनी इंजिन घेतले, पण कोठी आणि गळ सोडला नाही. आपल्या इंजिनाशेजारी आपण कोणती कोठी राखली, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. ठिबक हे त्याचे एक उत्तर झाले. नाल्यांत पाणी मुरविणे हे दुसरे. आणि गावाने बसून उपशाचा हिशेब मांडणे हे तिसरे, जे सर्वांत अवघड आहे. ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर आणखी एक बाग लावली, तर वाचले काय?

अति तेथे माती, असे आपले वडीलधारे सांगत आले. समुद्रात मातीऐवजी रिकामे पाणी उरते, एवढाच फरक. ते तसे उरू नये म्हणून एका बेटावरची माणसे आजही काठ्या घेऊन ओट्यावर उभी आहेत. त्यांच्या मासोळ्या टिकाव्यात, त्यांच्या माशाला रास्त भाव मिळावा, आणि मोठ्या जहाजांनी ठरल्या मर्यादेत राहावे, या तीन गोष्टी जमल्या तर त्यांची मुलेही तेथे उभी राहतील. पहिली गोष्ट त्यांच्या हातात आहे, तिसरी सरकारांच्या; मधली मात्र विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आहे. बाजारात मासा घेताना ‘केवढ्याला?’ हे आपण विचारतोच. त्याबरोबर ‘कसा धरला?’ एवढे आणखी दोन शब्द विचारावयास काही खर्च येत नाही.